पत्त्यांच्या अपरिचित खेळाला ज्ञानकोशात स्थान द्यावे काय?

नागपूरचा उन्हाळा आणि पत्त्यांचा डाव यांचे नाते जुने आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळू लागला की दुपारी घराबाहेर पडण्याची सोय उरत नाही. दारे-खिडक्या लावून, कूलरसमोर सतरंजी अंथरून, आजोळी जमलेली भावंडे पत्त्यांचा कॅट बाहेर काढतात. बदाम सात, झब्बू, गुलामचोर, पाच-तीन-दोन, मेंढीकोट ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. मात्र या खेळांबरोबरच कित्येक घरांत, वाड्यांत आणि वसतिगृहांत असेही खेळ खेळले जातात, ज्यांची नावे त्या चार भिंतींच्या बाहेर कोणी ऐकलेली नसतात. एखादा खेळ आजोबांनी नोकरीच्या गावी शिकून घरी आणलेला असतो, तर एखादा दोन जुन्या खेळांच्या मिश्रणातून नकळत तयार झालेला असतो.

अशा खेळाची माहिती इंटरनेटवरील मुक्त ज्ञानकोशात लिहावी, असे एखाद्या उत्साही तरुणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. विकिपीडिया सर्वांना लिहिण्यासाठी खुला आहे. तो मन लावून लेख लिहितो. पाने कशी वाटावीत, हुकूम कसा ठरवावा, गुण कसे मोजावेत, हे सारे तपशीलवार नोंदवतो. काही वेळातच त्या लेखाच्या माथ्यावर एक सूचना झळकते: या विषयाची उल्लेखनीयता सिद्ध झालेली नाही, लेख वगळण्याचा प्रस्ताव आहे. तरुण दुखावतो. माहिती खरी आहे, जागेची टंचाई नाही, कोणाचे नुकसान होत नाही. मग लेख काढण्याचे कारण काय, असा प्रश्न त्याला पडतो. हा प्रश्न गैर नाही. किंबहुना ज्ञानकोश म्हणजे काय आणि ज्ञानाचा पुरावा कशाला म्हणावे, या दोन मूलभूत बाबींशी तो जाऊन भिडतो.

संपादकांचे राज्य

ज्ञानकोशात काय असावे आणि काय नसावे, हा वाद नागपूरकरांना परका नसावा. मराठीतील पहिल्या मोठ्या ज्ञानकोशाच्या उभारणीशी या शहराचे नाव जोडलेले आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम १९१६ मध्ये हाती घेतले, तेव्हा त्यासाठी लिमिटेड कंपनी उभारण्यात आली. खंडांवर प्रकाशक म्हणून 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ लिमिटेड, नागपूर' असे नाव छापले गेले. प्रत्यक्ष संपादनाचे काम पुढे पुण्यातून चालले आणि १९२० पासून प्रसिद्ध होत गेलेल्या या कोशाचे एकूण २३ खंड झाले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून आलेल्या केतकरांनी पहिले पाच खंड निव्वळ प्रस्तावनेसाठी खर्ची घातले. कोणत्या विषयाला किती पाने द्यायची, हा निर्णय त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा होता.

त्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथून मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसावा खंड २०१५ मध्ये. छापील कोशात जागा मोजकी असते. एका नोंदीला चार ओळी वाढवल्या तर दुसऱ्या नोंदीच्या चार ओळी कमी होतात. त्यामुळे पत्त्यांच्या एखाद्या अपरिचित खेळाला नोंद द्यावी की नाही, हा प्रश्न बहुधा संपादकांच्या मेजापर्यंत पोहोचतही नसे. पोहोचलाच तर मुख्य संपादकांचा शब्द अखेरचा असे. वाचकही त्या निर्णयावर विश्वास ठेवत. त्या नावामागे विद्वत्तेची आणि आयुष्यभराच्या कामाची हमी उभी होती.

जागा अमर्याद, मग अडचण कोणती?

इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी. येथे पानांची मर्यादा राहिली नाही आणि मुख्य संपादकही राहिला नाही. पहिल्या बदलामुळे सर्व काही सामावून घेता येईल असे वाटू लागले. दुसऱ्या बदलामुळे मात्र एक नवी अडचण निर्माण झाली, आणि दुखावलेल्या लेखकांचे लक्ष सहसा तिच्याकडे जात नाही.

लिहिणारा कोण आहे हे वाचकाला ठाऊक नसेल, तर त्याने मजकुरावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा? 'मी लहानपणापासून हा खेळ खेळत आलो आहे' हे लेखकाचे म्हणणे शंभर टक्के खरे असेल. परंतु हेच वाक्य काल संध्याकाळी मित्रांसोबत एक खेळ रचून तो शंभर वर्षे जुना असल्याची बतावणी करणाऱ्यालाही लिहिता येते. दोघांतील फरक ओळखण्याचे साधन वाचकापाशी नाही आणि दूरच्या संपादकापाशीही नाही. म्हणून येथे लेखकाच्या अधिकाराची जागा पुराव्याने घेतली. लिहिलेली प्रत्येक गोष्ट अन्यत्र प्रसिद्ध झालेल्या, विश्वासार्ह लेखनावरून पडताळता आली पाहिजे, हा नियम त्यातूनच आला. ज्ञानकोशाने स्वतः नवे संशोधन प्रसिद्ध करू नये, हा नियमही त्याचाच भाऊ.

उल्लेखनीयतेची कसोटी या नियमांवर उभी आहे. तिचे तीन भाग आहेत. पहिला, त्या विषयावर पुरेसे विस्तृत लेखन झालेले असावे. ओझरता उल्लेख पुरत नाही. 'सहलीत मुलांनी पत्ते खेळले' या वाक्यातून खेळाची नोंद तयार होत नाही. दुसरा, ते लेखन विश्वासार्ह ठिकाणी आलेले असावे, म्हणजे प्रसिद्ध होण्यापूर्वी ते कोणीतरी तपासलेले असावे. ग्रंथ, नियतकालिके, वृत्तपत्रे, विद्यापीठीय प्रबंध यांचा येथे समावेश होतो. तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा: लिहिणारा त्या विषयापासून स्वतंत्र असावा. खेळ विकणाऱ्या कंपनीची पुस्तिका अथवा खेळ रचणाऱ्याने स्वतःच लिहिलेला लेख या ठिकाणी पुरावा ठरत नाही.

या कसोटीत खेळ चांगला आहे की वाईट, हे विचारलेले नाही. तो किती जण खेळतात, हेही विचारलेले नाही. उल्लेखनीयता म्हणजे लोकप्रियता नव्हे, ही गोष्ट ध्यानात आली की पुढचा बराचसा गोंधळ मिटतो.

तीन खेळ, तीन उत्तरे

हा फरक स्पष्ट होण्यासाठी तीन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण गंजिफाचे. गोल, रंगवलेल्या पानांचा हा खेळ आज प्रत्यक्ष खेळणारी माणसे शोधावी लागतील. मुघल गंजिफात आठ रंगांची ९६ पाने असतात, तर दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान ही दोन चित्रांची पाने, बाकीची दहा अंकांची. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ च्या सुमारास गंजिफा भेट पाठवल्याचा उल्लेख आहे. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'मध्ये या खेळाचे वर्णन आहे. सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला पुन्हा उभी केली. मुंबईत कलासमीक्षक म्हणून वावरलेले रुडॉल्फ फॉन लायडेन यांनी भारतीय गंजिफांचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यावर प्रदर्शन भरले. खेळणारे कितीही थोडे असोत, गंजिफाच्या नोंदीवर कोणी आक्षेप घेणार नाही. चार शतकांहून अधिक काळ निरनिराळ्या, परस्परांशी संबंध नसलेल्या माणसांनी त्याविषयी लिहून ठेवले आहे.

दुसरे उदाहरण मेंढीकोटाचे. महाराष्ट्रात हा खेळ ठाऊक नसलेले घर क्वचितच सापडेल. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकाला तेरा पाने. हुकूम ठरवण्याची एक रीत अशी की एकाने एक पान पालथे घालून ठेवायचे, आणि दुसरी अशी की उतारीच्या रंगाचे पान ज्याच्यापाशी नसेल, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम ठरायचा. सारी धडपड चार दश्श्या मिळवण्यासाठी. तीन दश्श्या ज्या बाजूला, तिचा डाव. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात सात किंवा अधिक, ते जिंकले. चारही दश्श्या एकाच बाजूने घेतल्या तर समोरच्यांवर मेंढीकोट. गावागणिक या नियमांत थोडाफार फरक पडतो. असा हा सर्वपरिचित खेळ. पण त्याच्यावर मराठीत लिहिलेले गंभीर लेखन शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. पत्त्यांच्या खेळांचे ब्रिटिश अभ्यासक जॉन मॅक्लिऑड यांच्या 'पॅगॅट' या संग्रहात त्याचे नियम 'मिंडी' या नावाने नोंदलेले आहेत. म्हणजे आपल्या घराघरांतल्या खेळाचा पुरावा आपल्याला सातासमुद्रापलीकडच्या संग्राहकाकडून घ्यावा लागतो. मेंढीकोट कसोटीवर उतरतो. पण त्याला खेळणाऱ्यांच्या संख्येने तारलेले नाही, कोणीतरी कष्टाने लिहून ठेवले म्हणून तो तरतो.

तिसरे उदाहरण कल्पनेतले घेऊ. समजा, महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात तीन पिढ्यांपासून एक खेळ चालत आला आहे. त्याचे नाव, नियम आणि त्यातले शब्द वेगळे आहेत. आज तो खेळणारी माणसे तीस-चाळीस. त्याविषयी एक ओळही कोठे छापून आलेली नाही. कसोटी लावली तर उत्तर नकारार्थी येते, आणि ते नियमाला धरून आहे. परंतु हे उत्तर 'हा खेळ क्षुद्र आहे' असे नसून 'या खेळाविषयी अद्याप कोणी लिहिलेले नाही' असे आहे. लेख काढून टाकणाऱ्यांनी आणि लेख गमावणाऱ्यांनी, दोघांनीही या दोन वाक्यांतील अंतर ओळखले पाहिजे.

वसतिगृहातला शोध

यापेक्षा वेगळा प्रकार नव्याने रचलेल्या खेळांचा. परीक्षा संपल्यानंतरच्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत चार मित्र एक खेळ तयार करतात, त्याला गमतीदार नाव देतात आणि दुसऱ्या दिवशी तो ज्ञानकोशात दाखल करतात. असे इतक्या वेळा घडले की इंग्रजी विकिपीडियाला 'एखाद्या दिवशी सहज रचलेल्या गोष्टी' या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक पान तयार करावे लागले. आपण किंवा आपल्या मित्रांनी रचलेली गोष्ट जगाच्या लक्षात येण्याआधी येथे लिहू नये, असा त्याचा आशय आहे.

याचा अर्थ नव्या खेळाला दार कायमचे बंद आहे, असा मात्र नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात १९९५ च्या अखेरीस एक खेळ जन्माला आला. त्यात कोऱ्या पांढऱ्या पत्त्यांवर खेळाडू स्वतःच चित्रे आणि नियम लिहितात. पाने तयार करणे हाच खेळाचा भाग. 'एक हजार कोरी पांढरी पाने' असे त्याचे नाव. मित्रमंडळींत सुरू झालेल्या या खेळाची दखल पुढे खेळांना वाहिलेल्या एका अमेरिकी नियतकालिकाने घेतली, आणि हॉइलच्या नावाने निघणाऱ्या खेळांच्या नियमग्रंथाच्या २००१ च्या आवृत्तीत त्याला स्थान मिळाले. एडमंड हॉइल यांनी व्हिस्ट या खेळावरची पुस्तिका १७४२ मध्ये प्रसिद्ध केली होती. तेव्हापासून त्यांचे नाव इंग्रजी जगात नियमांचा शब्द म्हणून घेतले जाते. खोलीत रचलेला खेळ आधी परक्या माणसांच्या लेखनात पोहोचला आणि त्या आधारावर ज्ञानकोशात आला. हा क्रम महत्त्वाचा आहे.

निर्णय कसा होतो?

लेख वगळण्याचा प्रस्ताव आला की इंग्रजी विकिपीडियावर साधारणतः सात दिवस चर्चा चालते. तिला मतदान समजण्याची चूक अनेक जण करतात. लेखक आपल्या मित्रांना बोलावून 'लेख ठेवावा' अशी वीस मते गोळा करतो, आणि तरीही लेख जातो तेव्हा त्याला तो पक्षपात वाटतो. वस्तुतः चर्चा संपवणारा संपादक डोकी मोजत नसून युक्तिवाद तोलतो. 'आम्ही सगळे हा खेळतो', 'यापेक्षा क्षुल्लक विषयांवर लेख आहेत', 'काही काळ राहू द्या, पुढे पुरावे मिळतील' या म्हणण्यांना फारसे वजन मिळत नाही. त्याच वेळी 'मी हा खेळ कधी ऐकला नाही' या विरोधकाच्या वाक्यालाही वजन नाही. एखाद्याने जुन्या ग्रंथातील दोन पाने आणि वृत्तपत्रातील एक स्वतंत्र लेख समोर ठेवला, तर तो एकटा वीस जणांना भारी पडू शकतो.

शिवाय ठेवणे आणि काढणे एवढे दोनच पर्याय नसतात. पुरावा थोडा असेल तर त्या खेळाची माहिती मोठ्या लेखात परिच्छेदरूपाने समाविष्ट करता येते. मेंढीकोटाचा वऱ्हाडातला एखादा प्रकार स्वतंत्र नोंदीस पात्र नसला, तरी त्यावरचे दोन छापील परिच्छेद उपलब्ध असतील तर मेंढीकोटाच्या लेखात 'प्रादेशिक भेद' या मथळ्याखाली तो बसू शकतो. मराठी आवृत्तीत नियमितपणे काम करणाऱ्या संपादकांची संख्या तुलनेने कमी असल्याने तेथे या मधल्या मार्गाचा विचार आवर्जून व्हावा. नवख्या लेखकाला केवळ 'वगळले' हा शेरा मिळाला तर तो पुन्हा फिरकत नाही. 'येथे समाविष्ट केले, अधिक पुरावे आणा' असे सांगितले तर तो कामाला लागतो.

डब्बा कळीचा धडा

इतके सांगूनही कसोटीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप शिल्लक राहतो. ज्या समाजात छापील लेखनाची परंपरा दांडगी, त्या समाजाचे क्षुल्लक खेळही पुराव्यानिशी उभे राहतात. ज्या समाजात ज्ञान तोंडून कानी जात आले, त्याचे मोठे खेळही बाहेर राहतात. हा अन्याय नव्हे काय?

केरळमधील 'डब्बा कळी' या मुलांच्या खेळावरून हा प्रश्न जगासमोर आला. मल्याळम विकिपीडियावर या खेळाचा लेख होता. त्यात छायाचित्रे होती, रेखाटन होते, नियमांचे तपशीलवार वर्णन होते. नव्हता तो लिखित संदर्भ. लहानपणी हा खेळ खेळलेली माणसे मात्र केरळभर पसरलेली होती. अचल प्रभला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'पीपल आर नॉलेज' हा माहितीपट तयार केला. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतील सेपेडी या भाषांच्या परिसरात जाऊन त्यांनी खेळ, विधी, पदार्थ यांविषयी जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. या मुलाखती संदर्भ म्हणून का मानू नयेत, असा त्यांचा सवाल होता. विकिमीडिया प्रतिष्ठानने या प्रयोगाला अर्थसाहाय्य दिले होते. त्यावर बराच ऊहापोह झाला; अनेक संपादकांनी मात्र याला नवे संशोधनच म्हटले.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मौखिक परंपरेला पुरावा मानण्यास सरसकट नकार देणे म्हणजे पिढ्यानपिढ्यांच्या स्मृतीला शून्य किंमत देणे होय. परंतु कसोटी सैल केली तर काय होते, याचेही उदाहरण समोर आहे. २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याच्या लेखात 'ब्राझिलियन आर्डव्हार्क' हे नाव गंमत म्हणून घुसडले. असे नाव कोठेही प्रचलित नव्हते. पुढे काही ब्रिटिश वृत्तपत्रांनी ते वापरले, मग त्याच बातम्या त्या नावाचा पुरावा म्हणून लेखात जोडल्या गेल्या. २०१४ मध्ये हा प्रकार जाहीर झाला. थट्टेतले एक नाव सहा वर्षांत 'संदर्भासहित सत्य' बनले होते. खेळाच्या बाबतीत असे घडणे तर आणखी सोपे. एकाने लिहिलेला काल्पनिक नियम दहा ठिकाणी उतरवला जातो आणि ज्या घरांत तो खेळ खरोखर चालत आला, त्यांचा खरा नियम चुकीचा ठरतो. मौखिक परंपरेचे सर्वांत जास्त नुकसान अशा सैलपणाने होते.

आधी लिहावे लागेल

म्हणून मार्ग एकच दिसतो. कसोटी खाली आणण्याऐवजी आपले खेळ वर न्यावेत, म्हणजेच ते आधी योग्य ठिकाणी लिहून ठेवावेत. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. हुतुतू हा खेळ निरनिराळ्या प्रांतांत हुतुतू, चेडुगुडू, हाडुडू अशा नावांनी खेळला जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जाणत्या मंडळींनी त्याचे नियम लिहून काढले. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. त्याच काळात बडोद्याहून 'व्यायाम ज्ञानकोश' हा दहा खंडांचा मराठी कोश निघू लागला. आज कबड्डीच्या नोंदीला पुराव्यांची ददात नाही, ती अशा लेखनामुळे. मैदानी खेळांना हे भाग्य लाभले. पत्त्यांना ते फारसे लाभले नाही. पत्ते म्हणजे जुगार आणि रिकामटेकडेपणा, ही समजूत त्यास काही अंशी कारणीभूत असावी. पैसे न लावता सतरंजीवर चालणारा घरगुती डावही त्या समजुतीत भरडला गेला.

मग लिहायचे काय? खेळाचे नाव आणि त्याची पर्यायी नावे, तो कोणत्या गावात, कोणत्या घरांत खेळला जातो, खेळाडू किती, पाने बावन्नच की काही काढून ठेवलेली, वाटप कसे, उतारी कोणाची, हुकूम कसा ठरतो, गुण कसे मोजतात, हरणाऱ्याला काय करावे लागते. यासोबत खेळातले खास शब्दही टिपावेत. शब्दकोशांत न आलेला एखादा वऱ्हाडी वा झाडीबोलीतला शब्द अशा डावांतच टिकून राहिलेला असू शकतो. सांगणाऱ्याचे वय, त्याने खेळ कोणाकडून आणि साधारण कोणत्या साली शिकला, हेही नोंदवावे. दोन माणसांनी दोन नियम सांगितले तर एकाला चूक न ठरवता दोन्ही लिहावेत.

लिहायचे कोठे, हाही प्रश्न आहे. स्वतःच्या घरच्या खेळावर स्वतःच लिहून तोच पुरावा म्हणून पुढे करणे कसोटीत बसत नाही. त्यामुळे हे काम त्रयस्थाने करणे इष्ट. नागपूर विद्यापीठ आणि १४ जानेवारी १९२३ रोजी स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ या दोन्ही संस्थांनी शंभरी ओलांडली आहे. मराठी आणि लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांना लहान प्रकल्पांसाठी विषय हवेच असतात. विदर्भातील पत्त्यांचे खेळ हा त्यांच्यासाठी जवळचा आणि अस्पर्शित विषय आहे. संघाच्या 'युगवाणी'सारख्या नियतकालिकात तपासून छापलेला एक लेख, वृत्तपत्रांच्या पुरवणीत प्रत्यक्ष खेळणाऱ्यांना भेटून लिहिलेला एक वृत्तान्त आणि एखादा विद्यापीठीय प्रबंध, एवढे तीन दस्तऐवज जमले की महालातल्या त्या वाड्याचा खेळ कसोटीला सामोरा जाऊ शकतो. वृत्तपत्रांनीही येथे आपली जबाबदारी ओळखावी. ज्ञानकोशातील मजकूर उचलून छापला तर पुरावा वाढत नाही, तो केवळ वाढल्याचा भास होतो. बातमीदाराने सतरंजीवर जाऊन बसले पाहिजे.

संपादकांच्या बाजूनेही थोडी अपेक्षा आहे. पुराव्याचा शोध केवळ इंटरनेटवर घेऊन 'काही आढळले नाही' असा निष्कर्ष काढणे मराठी विषयांच्या बाबतीत धोक्याचे आहे. जुनी मराठी नियतकालिके, दिवाळी अंक आणि स्मरणिका यांचा मोठा भाग अजून ग्रंथालयांच्या कपाटांत आहे. तेथे पाहिल्यावाचून दिलेला नकार घाईचा ठरतो.

एखाद्या अपरिचित खेळाला ज्ञानकोशात स्थान द्यावे काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच आजच्या तारखेचे असते, कायमचे नसते. आज 'नाही' मिळालेल्या खेळाला पाच वर्षांनी 'होय' मिळू शकते, मात्र त्या पाच वर्षांत कोणीतरी लिहिले पाहिजे. ज्ञानकोश वाट पाहू शकतो. त्याची पाने संपणार नाहीत. वाट पाहण्याची सवड नाही ती नियम सांगणाऱ्या माणसांना. अशा घरांतल्या शेवटच्या जाणत्या खेळाडूंनी बहुधा सत्तरी ओलांडलेली असते, आणि त्यांच्यामागे वाडेही राहत नाहीत. येत्या उन्हाळ्यात आजोळी डाव मांडला जाईल, तेव्हा एकाने पाने पिसण्याआधी वही आणि पेन घेऊन बसावे. ज्ञानकोशातील नोंदीचे पुढे पाहता येईल.